आठवडा ४० तासांचा करा, आणि सोलापुरात सुरुवात यंत्रमागापासून करा

चाळकरी:

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच ठेवली, जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेली आणि त्याला कामगाराच्या लेखी संमतीची अट घातली. मग २१ नोव्हेंबरला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. तेव्हापासून अनेकांच्या तोंडी एकच हिशोब आहे: रोज बारा तास, चार दिवस काम, तीन दिवस सुट्टी, म्हणजे छोटा आठवडा आलाच की.

मला हे मान्य नाही. बारा चोक अठ्ठेचाळीस आणि आठ सक अठ्ठेचाळीस. माणसाच्या वाट्याला एक तासही परत आलेला नाही. आणि सोलापुरात बारा तासांची पाळी नवी थोडीच आहे! अक्कलकोट रोडला किंवा पूर्व भागातल्या गल्ल्यांमध्ये सकाळी सातला मागावर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी सातला सुटतो. चौथ्या दिवशी त्याचा आठवडा संपत नाही, सहावा दिवसही भरावा लागतो.

थोडं मागं जाऊन बघा. आपल्या शहरातली जुनी मिल १८७७ सालची. त्या काळात गिरण्यांमध्ये ठरलेली साप्ताहिक सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, असंही त्यांचं एक म्हणणं होतं. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा झाली, तिथं दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे सहा वर्षं लागली, आणि आज आपल्याला रविवार निसर्गानेच दिला असावा इतका तो सवयीचा झाला आहे.

त्यानंतर तास उतरत गेले. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये आठवड्याला ६०, १९३४ मध्ये ५४, १९४६ मध्ये ४८. ही शेवटची दुरुस्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असतानाची. बारा सक बहात्तर धरले तर पस्तीस वर्षांत ७२ चे ४८ झाले. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत कायद्यातला एक तासही कमी झाला नाही. आणि आपला मागावरचा माणूस? तो आजही ७२ तासांवर, म्हणजे १९११ च्या कायद्यावर उभा आहे.

या ऐंशी वर्षांत यंत्रं मात्र थांबली नाहीत. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, धोट्याच्या मागाशेजारी बिनधोट्याचे रेपियर माग आले, एकाच माणसाकडं जास्त माग आले. एका माणसाच्या एका तासात आज जेवढं कापड निघतं, तेवढं त्याच्या आजोबाच्या काळात निघत नव्हतं. या वाढीतला वाटा तासांच्या रूपात कामगाराला का मिळू नये, हा माझा प्रश्न आहे.

तब्येतीचं तर सांगायलाच नको. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेला निष्कर्ष असा, की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी. ७२ तास हे ५५ च्या कितीतरी पुढं आहेत. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर, डोक्यावर पत्रा, आणि शेजारच्याला हाक मारली तर ऐकू जाणार नाही असा मागांचा आवाज.

म्हणून मागणी सरळ आहे. पाच दिवस, आठ तास, आणि घरात येणारा हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, आजच्याइतकाच. बोला.


टॉवेलवाला:

चाळकरी, तुमची तळमळ कळते. माझे वडील स्वतः मागावर उभे राहून कारखानदार झाले, त्यामुळं मला बारा तास म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पण तुमच्या लिहिण्यात एक मोठी जागा रिकामी राहिली आहे.

कचेरीतला माणूस ताजातवाना असला की आठ तासांचं काम सहा तासांत उरकेल, हे मी मानतो. माग तसं करत नाही. मिनिटाला जेवढ्या फेऱ्या बसवल्यात तेवढ्याच तो मारतो. माणूस दोन दिवस विश्रांती घेऊन आला म्हणून माग जोरात पळत नाही. तास कमी म्हणजे कापड कमी, इतका हा रोखठोक व्यवहार आहे. कापड कमी झालं तरी विजेचा स्थिर आकार चालू, रेपियरच्या कर्जाचा हप्ता चालू, शेडचं भाडं चालू.

तुम्ही म्हणाल, दोनऐवजी तीन पाळ्या लावा. माणसं कुठून आणू? मागावरच्या एका जागेसाठी आज दोघं लागतात, उद्या तिघं लागतील. कारखान्यात पंचविशीच्या आतला पोरगा दिसत नाही. मागवाल्याची मुलं पुण्याला गेली, हैदराबादला गेली, नाहीतर इथंच मोटारसायकलवर पार्सल पोचवतात. आज पाळी रिकामी राहिली म्हणून माग बंद ठेवावे लागतात.

आणि भाव. पानिपतचा माल आपल्याच बाजारात येऊन बसलाय. व्यापारी टॉवेलच्या किलोमागं दोन रुपये वाढवून द्यायला तयार नसतो, वर पैसे साठ-नव्वद दिवसांनी देतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याच नावाखाली बाहेरचा माल राजरोस विकला जातो. तो आधी थांबवा. चार पैसे सुटले तर मजुरीतही जातील. आज तुमची मागणी मान्य केली तर मी सहा महिन्यांत शटर ओढेन आणि माझे कामगार शून्य तासांच्या आठवड्यावर येतील. गिरण्या बंद पडल्या तेव्हा या शहराचं काय झालं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.


रातपाळी:

मी मागावरच हाय. वय झालं मागावर. दोघांचंही वाचलं. शेटचं एक बरोबर हाय आणि एक चूक.

चूक हे, की माग आपल्या चालीनं चालतो आणि माणसाचा त्यात संबंध नाही. अहो, माग चालतो कुठं सारखा? सुताची तार तुटली की थांबतो. कांडीवरलं सूत संपलं की थांबतो. थांबलेला माग किती लवकर परत सुरू हुतो ते माणसावर हाय. माझ्याकडं एका वेळी चार माग असत्यात. रात्री तीन वाजता एकाची तार जोडंपर्यंत दुसरा थांबलेला असतोय, आणि ताण्याची, म्हंजी उभ्या सुताची, तार तुटून जुना माग तसाच पळत राहिला तर कापडात चीर पडती. तो नग सेकंडमधी, म्हंजी खराब मालात, जातो. मुकादम आमच्या नावावर लिवतो आणि मजुरी कापत्यात. शेट, तुमच्याकडंबी रजिस्टर असंल. पाळीच्या पैल्या चार तासांत किती नग सेकंडला गेले आणि शेवटच्या चार तासांत किती, ते काढून बगा एकदा.

बरोबर हे, की चाळकरी सायबांनी दराचं काय बोलले नाहीत. हप्ता आजच्याइतकाच, म्हणायला एक ओळ लागली. आमची मजुरी नगावर हाय. आठ तासांत नग कमी पडणार, हप्ता कमी पडणार. मग मी काय करीन? आठ तास इथं करीन आणि चार तास दुसऱ्या कारखान्यात जाईन. आमच्यातले काहीजण आत्ताच सुट्टीच्या दिवशी दुसरीकडं उभं राहत्यात. पोरीचं कॉलेज हाय, घराचा हप्ता हाय. तास कमी करा म्हणणाऱ्यानं आधी नगाचा दर सांगायचा. दर न सांगता तास कमी केले तर ती सुट्टी नव्हं, पगारकपात हाय.


हिशोबनीस:

रातपाळी यांनी मूळ मुद्द्यावर बोट ठेवलंय, म्हणून जरा आकडेमोड करतो. आकडे समजुतीपुरते धरलेत, कोणी खरा दर समजू नये.

समजा एका चादरीला ४० रुपये मजुरी आणि बारा तासांत १८ चादरी. रोजचे ७२० झाले. आठ तासांत त्याच वेगाने १२ चादरी, म्हणजे ४८०. तेवढेच ७२० हवे असतील तर दर ६० करावा लागेल. दीडपट. आणि ही फक्त बारा तासांवरून आठ तासांवर येण्याची किंमत झाली. सहाचे पाच दिवस केले की ७२ तासांचे ४० होतात आणि दर जवळजवळ दुप्पट, नेमका १.८ पट होतो. रातपाळी म्हणतात तसं शेवटच्या तासांत सेकंडचा माल जास्त निघत असेल, तर थोडी भरपाई तिथून होईल. पण ती भरपाई ८० टक्के भरून काढेल असं कोणी म्हणू नये.

परदेशातल्या प्रयोगांबद्दलही सांगतो, कारण त्यांचे दाखले हमखास निघतात. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांनी सहा महिने चार दिवसांचा आठवडा करून बघितला, सुमारे २,९०० माणसं होती, आणि ५६ कंपन्यांनी प्रयोग पुढं चालू ठेवला. यश खरं आहे. पण त्या कंपन्या आपणहून पुढं आल्या होत्या, आणि त्यांत मोठा भाग कचेरीतल्या कामाचा. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ दरम्यान सुमारे २,५०० जणांचे तास ४० वरून ३५-३६ वर आले, तेही सरकारी आणि नगरपालिकेच्या नोकरीतले. यांतल्या कोणाची मजुरी नगावर नव्हती आणि कोणी ७२ तासांवरून खाली उतरलं नव्हतं. त्यांचं उत्तर आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही.

मी छोट्या आठवड्याच्या विरोधात नाही. एका उडीत ४० वर जाण्याच्या विरोधात आहे. कर्जावर चाललेला छोटा कारखाना अशा उडीत मोडतो.


चाळकरी:

टॉवेलवाले, रातपाळी, हिशोबनीस, तिघांनाही एकत्र उत्तर देतो.

ब्रिटन-आइसलँडचा दाखला मी मुद्दामच दिला नव्हता. आपल्या कामाच्या जवळचा दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत मशीनवर काम करणाऱ्या कामगारांच्या, त्यांतही बहुतेक स्त्रियांच्या, नोंदी अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये पुन्हा तपासल्या. आठवड्याला पन्नासेक तासांच्या पुढं गेलं की दर तासाचं उत्पादन घसरत जातं, आणि ७० तास राबून निघालेला माल ५६ तासांतल्या मालापेक्षा फारसा जास्त नसतो, असं त्यांना दिसलं. हे कचेरीतलं काम नव्हतं. हातानं आणि यंत्रानं करायचं काम होतं. माग वेगळा आणि तोफगोळ्याचं यंत्र वेगळं, हे मान्य. म्हणूनच रातपाळी यांनी सुचवलेलं रजिस्टर कोणीतरी प्रामाणिकपणे उघडावं असं मला मनापासून वाटतं.

आता दराबद्दल. हिशोबनीसांच्या उदाहरणात बारा तासांवरून आठ तासांवर येताना चादरीमागं २० रुपये वाढतात. नवी पेठेत चादर घेणारं गिऱ्हाईक २० रुपयांसाठी परत जाईल असं मला वाटत नाही. वाढ अडते ती मधल्या व्यापाऱ्यापाशी. एकट्या कारखानदाराने दर वाढवला तर तो मरतो, हे टॉवेलवाल्यांचं म्हणणं खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे सगळ्यांना एकाच दिवसापासून एकच किमान दर. नगावरच्या कामालाही किमान दर ठरवायची सोय १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होती, आणि आता वेतन संहितेतही आहे. तो दर असा बसवावा, की साधारण वेगाने आठ तास काम करणाऱ्याला किमान वेतन सुटलंच पाहिजे. शेजारच्या कारखान्यालाही तोच दर द्यावा लागला, तर भाव पाडायची चढाओढ मजुरीतून होणार नाही.

आणि एका उडीचं म्हणाल, तर ७२ वरून ४८ वर येणं ही माझी मागणी नाहीच. तो ऐंशी वर्षं जुना कायदा आहे. नव्या संहितेत विजेवर चालणारा कारखाना २० कामगारांपासून कारखाना ठरतो. आपल्याकडच्या कितीतरी शेडमध्ये तेवढी माणसं नसतात, म्हणून ते तास कोणी मोजत नाही. आधी ४८ पर्यंत या, मग ४८ वरून ४० कसे करायचे ते बोलू.


पूर्वभाग_अक्का:

सगळे दादा लोक मागावर बोलताय, म्हणून लिहिते.

माझी आई विड्या वळते. मी शाळेचे गणवेश शिवते, कारखान्यातून कापलेला माल घरी आणून. आमच्या दोघींच्या कामाला घड्याळच नाही. विडीचे पैसे हजारावर मिळतात. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, पानं भिजवायची, कापायची, वळायची, दुसऱ्या दिवशी जाऊन द्यायची. तिथं काही विड्या नापास करून बाजूला काढतात, त्यांचे पैसे नाहीत. हजार विड्या पुऱ्या करायला आईला पहाटेपासून दिवे लागेपर्यंत बसावं लागतं, मध्ये स्वयंपाक, मध्ये धुणं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या संहिता येईपर्यंत विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता, त्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते. पण ते कारखान्याच्या जागेत काम करणाऱ्यांना. घरातल्या उंबऱ्याच्या आत कोण तास मोजणार?

चाळकरी अण्णा, तुमचा ४० तासांचा आठवडा आमच्यापर्यंत येतच नाही. आणि यंत्रमागाला पाच दिवसांचा आठवडा मिळाला तरी घरातल्या बाईला मिळेलच असं समजू नका. नवरा-भाऊ दोन दिवस घरी म्हणजे दोन दिवस जास्तीचा स्वयंपाक. आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मी शिलाईला बसूच शकत नाही, सगळं घर भरून ठेवावं लागतं. ते तास कोणाच्याच हिशोबात नाहीत.

मला विचाराल तर आधी हजार विड्यांचा दर वाढवा, एका गणवेशाच्या शिलाईचा दर वाढवा. दर वाढला तर आई आपोआप संध्याकाळी चारला विड्यांचं सूप बाजूला ठेवेल. तिला कोणी थांब म्हणायची गरज पडणार नाही. तास मोजायची मागणी ज्यांना फाटक आहे, भोंगा आहे, त्यांची. आमची मागणी दराची.


रातपाळी:

अक्का, लई खरं बोललात. आमच्या घरच्या मालकीणबी कांड्या भरत्यात. त्यांचे तास मीच कदी मोजले नाहीत. पण एक सांगतो, मी बारा तासांनी मेल्यासारखा घरी पडण्यापेक्षा आठ तासांनी घरी आलो तर पाण्याचे हंडे मी भरू शकतो. आत्ता इच्छा असून हुत नाही.


पूर्वभाग_अक्का:

भराल तर चांगलंच आहे दादा. मी फक्त म्हणते की ते आपोआप होणार नाही, घरात बोलून ठरवावं लागेल.


मंगळवेढेकर:

माझा सरळ विरोध आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कचेऱ्या पाच दिवसांच्या झाल्या. रोजची वेळ पाऊण तास वाढवली असं सांगितलं गेलं. पण मंगळवेढ्याहून एसटीने येणाऱ्याला त्या पाऊण तासाचा काय उपयोग? शेतमजुराला, शिक्षकाला शनिवार मोकळा मिळायचा, तेव्हा तो सोलापूरला येऊन काम करायचा. आता मधल्या वारी रोज बुडवून यावं लागतं. बँका दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असतातच, आता त्यांनाही पाच दिवस हवेत. एकाची सुट्टी ही दुसऱ्याची बुडालेली मजुरी असते, हे कोणी लक्षात घेत नाही.


चाळकरी:

मंगळवेढेकर, तुमची अडचण शनिवारी सगळेच एकदम सुट्टीवर जातात याची आहे. माणसाला पाच दिवस आणि कचेरीच्या खिडकीला सहा दिवस, हे दोन्ही एकत्र जमतं. निम्म्यांनी सोमवारी सुट्टी घ्यायची, निम्म्यांनी शनिवारी. रेल्वे, एसटी, दवाखाने अशाच पाळ्यांवर चालतात.


मंगळवेढेकर:

कागदावर जमतं. पद रिक्त असलेल्या कचेरीत एकच कारकून असतो, तो अर्धा कसा करणार? आधी भरती करा.


परिचारिका_सात_रस्ता:

माझं मत इथल्या बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. मी खासगी दवाखान्यात आहे आणि मोहोळहून येते. मला बारा तासांचे चार दिवस खरोखर चालतील. आठ तासांच्या सहा पाळ्यांत सहा वेळा जाणं-येणं, सहा वेळा बसची वाट, रात्रीची पाळी सुटली की जीव मुठीत धरून स्टँड गाठायचा. चार दिवसांत ते चारदा होईल. तीन दिवस मुलाजवळ राहता येईल. ४८ तेच राहिले म्हणून काहीच मिळालं नाही, असं चाळकरी म्हणतात ते माझ्या बाबतीत बरोबर नाही.

फक्त माझी भीती वेगळी आहे. चार दिवस बारा तास लावतील आणि पाचव्या दिवशी फोन येईल, सिस्टर, माणूस कमी आहे, या. लेखी संमती म्हणाल तर नोकरीला लागतानाच दहा कागदांवर सह्या घेतात, त्यात ती पण असेल. पाचव्या दिवशी नाही म्हणता येईल आणि नोकरी जाणार नाही, याची हमी कोण देणार?


चाळकरी:

सिस्टर, संमतीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी शंभर टक्के मानतो. जादा तासाला दुप्पट मजुरी कायद्यात आहे. ती खरोखर हातात पडली तर पाचव्या दिवशीचा फोन मालकालाच महाग पडेल. पण बारा तासांच्या पाळीच्या शेवटी इंजेक्शनचा डोस मोजताना जी चूक होऊ शकते, तिचं ओझं तुमच्यावर आणि रुग्णावर आहे, तिकिटाचे पैसे वाचल्याने ते हलकं होत नाही. तुमचा प्रवास कमी व्हावा यासाठी आठ तासांचे पाच दिवस ही मागणी जास्त पक्की आहे.


हुतात्मा_शुक्रवारची:

पुण्यात आयटीत आहे. कागदावर पाच दिवस, प्रत्यक्षात शनिवारी कॉल. एका उद्योगपतींनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं आणि २०२५ मध्ये दुसऱ्यांनी ९० तास, रविवारीसुद्धा. माझ्या वरिष्ठांनी ते कौतुकाने गटावर टाकलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या हुतात्मा एक्सप्रेसने घरी येते, रविवारी परत. आई-बाबा दोघंच सोलापुरात. सुट्टीचा आणखी एक दिवस मिळाला तर त्यांना दवाखान्यात नेता येईल, कारण त्यांचे डॉक्टर रविवारी बसत नाहीत.

टॉवेलवाले काका म्हणाले मागवाल्यांची मुलं पुण्याला गेली. मी त्यांतलीच. बाबा मागावर होते. मी गेले त्याचं कारण पैसा होता, पण तेवढंच नव्हतं. माझा भाऊ बाबांची पाळी बघूनच म्हणाला होता की हे मी करणार नाही. पाळी आठ तासांची असती तर त्याने निदान विचार केला असता. माणसं मिळत नाहीत म्हणून तास कमी करता येत नाहीत, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं तास कमी होत नाहीत म्हणून माणसं मिळत नाहीत.


टॉवेलवाला:

या मुलीचं म्हणणं मला लागलं. पण माझ्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो, आणि तुझा भाऊ परत येईल की नाही हे कळायला पाच वर्षं जातील. मधली पाच वर्षं मी कशी काढू, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

सगळ्यांना एकच किमान दर, हे चाळकरींचं म्हणणं मला पटतं, एका अटीवर. पाळला जातो की नाही हे बघायला कोणीतरी पाहिजे. नाहीतर मी दर देणार आणि मागच्या गल्लीतला देणार नाही, आणि ऑर्डर त्याला जाणार. असे दर कागदावर ठरलेले मी पूर्वीही बघितलेत. त्यामुळं ४० तासांना माझा आजही विरोध आहे, आणि तो राहील.

रातपाळी म्हणाले तसं रजिस्टर मात्र काढून बघितलं. सबंध वर्षाचं सांगत नाही, पण एप्रिल-मेचं स्पष्ट दिसतं. दुपारी एक ते चार या वेळात सेकंडचा माल सगळ्यात जास्त. कारण आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे: हवा कोरडी झाली की सूत ठिसूळ होतं, तार पटापट तुटते. पूर्वी गिरण्यांत हवेत ओलावा सोडायची यंत्रणा असायची, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कुठून असणार! त्या तीन तासांत वीज जळते, माणूस भाजतो आणि माल खराब निघतो. येत्या उन्हाळ्यात ते तीन तास माग बंद ठेवायला मी तयार आहे. दिवसपाळी नऊ तासांची होईल.


रातपाळी:

शेट, चांगलंच हाय. पण त्या तीन तासांची मजुरी?


टॉवेलवाला:

नग निघणार नाहीत, तर पूर्ण मजुरी मी कुठून देऊ? सेकंडचा माल कमी झाल्याने जे वाचेल ते देईन. साधारण निम्मी धरा.


हिशोबनीस:

निम्मी कशाच्या? आज त्या तीन तासांत जेवढे चांगले नग निघतात त्याच्या, की पाळीच्या सरासरीच्या? दोन्हींत बराच फरक पडेल. उन्हाळ्यात त्या तासांत नग कमीच निघतात. सरासरीवर धरा, नाहीतर कामगाराचं नुकसान आहे.


पूर्वभाग_अक्का:

आणि कांड्या भरणाऱ्या बायका? माग तीन तास बंद तर त्यांच्या कांड्याही कमी लागणार. त्यांचं पण त्याच कागदात लिहा.


टॉवेलवाला:

सरासरीवर निम्मी, मान्य. कांड्यांचं मी अजून धरलं नव्हतं. मुकादमाशी बोलून दोन दिवसांत आकडा टाकतो. शब्द दिलाय तो कारखान्यापुरता, सगळ्या सोलापूरच्या वतीने नाही.


रातपाळी:

मार्चच्या आत लिवून द्या शेट. एप्रिल लागला की निम्मी माणसं गावाला जात्यात, तवा कुणाशी बोलायचं? दिवसपाळी सात ते एक, आन चार ते सात अशी हुणार, तर मधल्या तीन तासांत लांबची माणसं कुठं बसणार तेबी बगा. शेडमधी बसवलं तर बंद ठेवून काय उपेग? माझ्या ओळखीतल्या चार-पाच कारखान्यांतल्या लोकांना मी हे दाखवतो. दर बगितल्याशिवाय कुणी हो म्हणणार नाही, एवढं पक्कं हाय.